कोणी लॉगिन नसतानाही सर्व्हरवरचे ॲप्लिकेशन चालू ठेवायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसात एक विंडोज सर्व्हर आहे आणि त्यावर जावात लिहिलेले बिलिंगचे ॲप्लिकेशन काळ्या खिडकीत चालते. रिमोट डेस्कटॉपने आत जाऊन कोणीतरी बॅच फाइल चालवतो आणि खिडकी तशीच सोडून बाहेर पडतो. चुकून कोणी साइन आउट केले की सगळ्या काउंटरवरचे बिलिंग बंद. रात्री अपडेट येऊन मशीन रीस्टार्ट झाले, तर सकाळी कोणी येऊन लॉगिन करेपर्यंत काम ठप्प. शिवाय उबुंटूचे एक मशीन आहे. त्यावर पायथनचा एक प्रोग्राम एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत जाऊन कमांड देत, चालू करतात. तो कधी टिकतो, कधी टिकत नाही, आणि का ते कळत नाही.

याला पक्का उपाय आहे आणि त्यासाठी विकत काही घ्यावे लागत नाही. पण आधी सेशन, म्हणजे लॉगिनपासून साइन आउटपर्यंतचा वापर, उघडे ठेवण्याचे सगळे मार्ग डोक्यातून काढून टाका. मॉनिटरवर ‘कृपया साइन आउट करू नये’ अशी चिठ्ठी लावणे, एकाच ॲडमिन लॉगिनचा पासवर्ड चौघांना देणे, माउस आपोआप हलवणारा प्रोग्राम टाकणे, हे सगळे मी अनेक ऑफिसांत पाहिले आहे. यातून सेशन थोडे जास्त वेळ जगते, एवढेच. तुमचा प्रोग्राम त्या सेशनच्या पोटातच राहतो, आणि सेशन कोणत्याही कारणाने संपले की तोही संपतो. आपल्याला प्रोग्रामची मालकी माणसाच्या लॉगिनकडून काढून मशीनकडे द्यायची आहे.

विंडोजपासून सुरुवात करतो, कारण तुमचा धंदा तिथे अडकतो आहे.

रिमोट डेस्कटॉपची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली, तर तुम्ही फक्त डिस्कनेक्ट होता. सेशन सर्व्हरवर जिवंत असते आणि त्यातले प्रोग्रामही चालू असतात. साइन आउट केले की मात्र विंडोज त्या सेशनमधली प्रत्येक प्रोसेस बंद करते. म्हणजे आज तुमचे बिलिंग त्या फुलीच्या भरवशावर चालले आहे. उद्या कोणी ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या सामाईक नियमांत, डिस्कनेक्ट झालेल्या सेशनला वेळेची मर्यादा घातली, तर फुलीही उपयोगाची नाही. ठरलेला वेळ झाला की विंडोज ते सेशन स्वतःच संपवेल.

सर्व्हिस म्हणजे कोणाच्या लॉगिनशिवाय, मशीनच्या ताब्यात मागे चालणारा प्रोग्राम. तिचे तसे नसते. मशीन सुरू होताना, लॉगिनचा पडदा कोणी पाहायच्याही आधी, सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर नावाचा घटक सर्व्हिस चालू करतो. विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सगळ्या सर्व्हिस ‘सेशन ०’ या वेगळ्या सेशनमध्ये चालतात; माणसांना सेशन १ पासून पुढची मिळतात. त्यामुळे कोणीही आले-गेले तरी सर्व्हिसला धक्का लागत नाही. पण याच कारणाने तिला दिसणारा डेस्कटॉपही नसतो. तुमच्या ॲप्लिकेशनने एखादी चूक दाखवायला ‘ओके’ बटणाची चौकट उघडली, तर ती कोणालाच दिसणार नाही आणि प्रोग्राम त्या ओकेची वाट बघत तसाच थांबून राहील. तुमच्या कोडमध्ये अशा चौकटी असतील तर आधी त्या काढायला सांगा आणि तो मजकूर लॉग फाइलमध्ये जाऊ द्या.

आता, कोणतीही ईएक्सई किंवा बॅच फाइल उचलून सर्व्हिस म्हणून नोंदवली की चालते असे नाही. चालू झालेल्या प्रोग्रामने ‘मी सुरू झालो’ असे सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरला त्याच्या पद्धतीने कळवावे लागते. ३० सेकंदांत ते उत्तर आले नाही, तर १०५३ क्रमांकाची एरर येते. पुष्कळ लोक इथे थांबतात आणि ‘आमचे ॲप्लिकेशन सर्व्हिस म्हणून चालत नाही’ असा निष्कर्ष काढतात. खरे तर मध्ये एक दुभाषा बसवायचा असतो, ज्याला रॅपर म्हणतात. तुमचे ॲप्लिकेशन टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरवर असेल तर तो टॉमकॅटबरोबर आलेलाच आहे. बिन फोल्डरमधली सर्व्हिस डॉट बॅट ही फाइल ‘इन्स्टॉल’ शब्द जोडून चालवा. नुसती जार (जावा प्रोग्रामची) फाइल असेल तर विनएसडब्ल्यू हा रॅपर वापरा. त्यात एका छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये जावाचा पूर्ण पत्ता, जारचे नाव आणि लॉग कुठे ठेवायचे ते लिहिले की झाले. एनएसएसएम (असाच दुसरा रॅपर) अजूनही खूप ठिकाणी दिसते आणि वापरायला सोपे आहे, पण त्याची शेवटची स्थिर आवृत्ती, २.२४, ही २०१४ मधली आहे. जिथे चालते आहे तिथे मी त्याला हात लावत नाही, नवीन मशीनवर मात्र घालत नाही.

जावा असल्यामुळे एक गोष्ट न विसरता करा: जावाच्या पर्यायांत ‘-एक्सआरएस’ घाला. कोणीही साइन आउट केले की विंडोज लॉगऑफची सूचना पाठवते आणि ती सर्व्हिसपर्यंतही पोहोचू शकते. जावाचे यंत्र ती आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून गाशा गुंडाळते. सर्व्हिस नीट बसवूनही ‘कोणी साइन आउट केले की बंद पडते’ ही तक्रार कायम राहिली, तर मी पहिल्यांदा हाच पर्याय तपासतो. या पर्यायाने जावा त्या सूचनेकडे दुर्लक्ष करते.

सर्व्हिस चालू झाली तरी ॲप्लिकेशन नीट चालेलच असे नाही. आजवर ते तुमच्या लॉगिनमध्ये वाढले आहे. तुमचे ड्राइव्ह, तुमचा प्रिंटर, तुमच्या फोल्डरमधल्या फायली त्याला आयत्या मिळत होत्या. सर्व्हिसला यातले काही मिळत नाही. झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले शेअर्ड फोल्डर हे त्या-त्या लॉगिनचे असते, सर्व्हिसच्या दृष्टीने झेड ड्राइव्ह अस्तित्वातच नाही. तिथे दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरच्या नावाचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. सर्व्हिसचे चालू फोल्डर विंडोजमधले सिस्टम३२ असते, त्यामुळे कोडमध्ये नुसते ‘कॉन्फिग’ किंवा ‘रिपोर्ट’ असे अर्धे पत्ते असतील तर ॲप्लिकेशन सिस्टम३२ मध्ये शोधाशोध करत बसते. रॅपरमध्ये कामाचे फोल्डर स्पष्ट लिहा. बिलाचे रिपोर्ट बनवायला मागे एक्सेल उघडले जात असेल, तर ते सर्व्हिसमधून करू नका. माणूस समोर नसताना ऑफिसचे प्रोग्राम असे चालवणे मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही, आणि ते अडकतात. थेट फाइल लिहिणारी लायब्ररी वापरा.

आपल्याकडे यात डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, टोकनची भर पडते. बिलाच्या पीडीएफवर यूएसबी टोकनने सही होत असेल, तर पिन विचारणारी चौकट सेशन ० मध्ये उघडते आणि कोणाला दिसत नाही. वर सर्व्हरला लावलेले टोकन रिमोट डेस्कटॉपमधून सहसा दिसतच नाही, कारण तिथे समोरच्या कॉम्प्युटरला लावलेले कार्ड पुढे पाठवण्याची रचना आहे. टोकनचा ड्रायव्हर पीकेसीएस-११ ही प्रोग्रामने टोकनशी थेट बोलण्याची पद्धत देत असेल, तर पिन प्रोग्राममधून देता येतो. मग तो पिन जिथे ठेवाल ती फाइल फक्त सर्व्हिसच्या खात्यालाच वाचता येईल अशी करा. तुमच्या व्हेंडरला हे आधीच विचारून घ्या. बदलाच्या दिवशी कळले तर फार धावपळ होते.

सर्व्हिस कोणत्या खात्याने चालवायची? आपोआप निवडले जाते ते लोकल सिस्टम, आणि त्याला मशीनवर जवळजवळ सगळे करता येते. इंटरनेटकडे तोंड करून बसलेल्या ॲप्लिकेशनला एवढी सत्ता देणे मला अजिबात पटत नाही; त्यात एक भोक निघाले तर अख्खे मशीन गेले. दुसरे टोक म्हणजे एखाद्या माणसाचे खाते देणे. त्याचा पासवर्ड बदलला किंवा मुदत संपली की पुढच्या रीस्टार्टला १०६९ क्रमांकाची एरर येते आणि सर्व्हिस उठत नाही. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि खाते बंद केले, तरी तेच. सर्व्हर एकटाच असेल तर ‘एनटी सर्व्हिस’ने सुरू होणारे आभासी खाते वापरा, त्याला पासवर्डच नसतो, आणि फक्त आपल्या फोल्डरवर त्याला हक्क देता येतात. डोमेन, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या खात्यांची एकत्र व्यवस्था, असेल आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या फायली लागत असतील, तर सर्व्हर २०१२ पासून मिळणारे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट घ्या. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः बदलत राहते.

सर्व्हिसच्या गुणधर्मांत रिकव्हरी नावाचे पान असते आणि मुळात तिथे ‘काही करू नये’ असेच असते. तिथे पहिल्या, दुसऱ्या आणि पुढच्या अपयशाला ‘सर्व्हिस रीस्टार्ट करा’ निवडा, आणि एररसह थांबल्यावरही कृती करण्याचा चौकोन टिकमार्क करा. तो नसेल तर प्रोसेस अचानक मेली तरच विंडोज तिला उठवते. प्रोग्राम ‘मी एररमुळे थांबतो’ असे रीतसर सांगून थांबला तर विंडोज गप्प बसते. डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर तुमची सर्व्हिस त्यावर अवलंबून आहे असेही नोंदवा, म्हणजे आधी डेटाबेस आणि मग बिलिंग असा क्रम राहील. हे ‘एससी कॉन्फिग’ कमांडने करताना बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडावी लागते. ती न सोडल्यामुळे तासभर डोके खाजवणारे लोक मी पाहिले आहेत.

टास्क शेड्युलरनेही हे होते. मशीन सुरू होताना चालव, आणि वापरणारा लॉगिन असो वा नसो चालव, असे दोन पर्याय त्यात आहेत. रोज रात्रीच्या बॅकअपला किंवा ठरावीक वेळी येणाऱ्या रिपोर्टला ते उत्तम आहे. कायम चालणाऱ्या सर्व्हरला मी ते लावत नाही. तिथे ३ दिवसांपेक्षा जास्त चाललेले काम थांबवण्याची खूण मुळातच केलेली असते, म्हणून सोमवारी सुरू झालेले ॲप्लिकेशन गुरुवारी आपोआप बंद होते आणि कोणाला कारण सापडत नाही. आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमध्येही असाच मुळातला ठराव आहे. २० मिनिटे कोणी आले नाही की ॲप्लिकेशन पूल झोपी जातो. पुढेमागे डॉटनेटचे काही त्यावर ठेवलेत तर तो आकडा शून्य करा.

ज्याला खिडकीशिवाय चालताच येत नाही असे जुने डेस्कटॉप सॉफ्टवेअर असेल, तर शेवटचा मार्ग म्हणून मशीन सुरू होताच एका मर्यादित हक्कांच्या खात्याने आपोआप लॉगिन करून लगेच पडदा लॉक करता येतो. सिसइंटरनल्सचे ऑटोलॉगॉन त्यासाठी आहे. ते पासवर्ड सांकेतिक रूपात ठेवते, पण मशीनच्या ॲडमिनला तो काढता येतो. म्हणून हे खाते ॲडमिनचे कधीच नसावे. तुमच्या बिलिंगला याची गरज दिसत नाही.

आता उबुंटू. ‘कधी टिकतो, कधी टिकत नाही’ याला अगदी ठोस कारण आहे. तुम्ही कमांडच्या शेवटी ॲम्परसँड लावून प्रोग्राम मागे टाकता. नंतर ‘एक्झिट’ लिहून शेलमधून रीतसर बाहेर पडलात, तर बॅश (कमांड वाचणारा शेल) सहसा मागच्या प्रोग्रामला काही सांगत नाही आणि तो टिकतो. पण वायफाय गेले किंवा लॅपटॉप झोपला आणि जोडणी तुटली, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बॅशला एसआयजीएचयूपी हा सिग्नल देते, बॅश तो आपल्या सगळ्या प्रोग्रामना वाटते, आणि ते मरतात. टिकलेल्या प्रोग्रामचीही सुटका नाही. त्याचा टर्मिनल नाहीसा झालेला असतो, त्यामुळे पुढच्या प्रिंटला पायथनला इनपुट-आउटपुट एरर येते आणि तो तिथे पडतो. कमांडच्या आधी लावायचे नोहप या दोन्हींपासून वाचवते. पण प्रोग्राम स्वतः कोसळला, मेमरी संपल्यावर कर्नलने तो मारला, किंवा मशीन रीस्टार्ट झाले, तर नोहपजवळ काहीच उत्तर नाही. जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या स्क्रीन आणि टीमक्स यांचेही तेच. हाताने करायच्या लांबलचक कामासाठी मी टीमक्स रोज वापरतो, सर्व्हर चालवायला नाही.

इथे सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालू करून सांभाळणारा घटक, वापरायचे. ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ या फोल्डरमध्ये तुमच्या प्रोग्रामच्या नावाची, शेवटी ‘सर्व्हिस’ असलेली एक छोटी फाइल करा. त्यात एक्झेकस्टार्टला पायथनचा पूर्ण पत्ता द्या, आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरत असाल तर त्याच्या आतल्या पायथनचा. तुमच्या बॅशआरसीमध्ये (बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहिलेले काहीही सिस्टमडी वाचत नाही. हाताने चालवल्यावर चालते आणि सर्व्हिस म्हणून २०३ एरर देते, याचे कारण बहुतेक वेळा चुकलेला पत्ता किंवा चालवण्याचा हक्क नसणे हेच असते. एररचा आकडा २०० असेल तर कामाचे फोल्डर सापडत नाही, २१७ असेल तर खाते. पासवर्ड आणि डेटाबेसचे पत्ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवून एन्व्हायर्नमेंटफाइल या ओळीने जोडा. युझर या ओळीत या कामासाठीच केलेले सिस्टम खाते द्या, आणि शेवटी वाँटेडबाय या ओळीत मल्टी-युझर टार्गेट.

पुन्हा उठण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बरेच जण तिथे अर्धवट सोडतात. ‘रीस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ दिले, तर शून्य कोडने शांतपणे बाहेर पडलेला प्रोग्राम परत उठवला जात नाही. कायम चालायचेच आहे त्याला ‘ऑलवेज’ द्या. पण तेवढे पुरत नाही. दोन प्रयत्नांमधले मुळातले अंतर आहे १०० मिलिसेकंद, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झाले की सिस्टमडी नाद सोडते. वीज येऊन मशीन उठले, डेटाबेसला तयार व्हायला २० सेकंद लागले, तर तोवर तुमच्या प्रोग्रामचे पाचही प्रयत्न संपलेले असतात आणि तो ‘फेल्ड’ होऊन पडून राहतो. रीस्टार्टसेकला ५ सेकंद द्या. मग १० सेकंदांत ५ प्रयत्न होतच नाहीत आणि डेटाबेस येईपर्यंत तो चिकाटीने उठत राहतो.

फाइल लिहून झाली की सिस्टमसीटीएलला डेमन-रीलोड सांगा, मग ‘इनेबल’ आणि ‘स्टार्ट’ दोन्ही. नुसत्या ‘स्टार्ट’ने आजचे काम होते, पण रीस्टार्टनंतर प्रोग्राम उठवण्यासाठी ‘इनेबल’ लागते. प्रोग्राम स्वतःला मागे टाकणारा नसावा. तो समोर चालत राहिला की सिस्टमडी त्याच्यावर लक्ष ठेवू शकते. लॉग जर्नलसीटीएलमध्ये दिसतील. पायथनचे प्रिंट तिथे उशिरा येतात, कारण समोर टर्मिनल नसला की पायथन मजकूर साठवून एकदम लिहितो. ‘पायथनअनबफर्ड’ हे व्हेरिएबल १ केले की लगेच येतात.

रूटचे, म्हणजे मशीनच्या ॲडमिनचे, हक्क नसतील आणि आपल्याच खात्यात सर्व्हिस करायची असेल, तर सिस्टमडीची युझर सर्व्हिस आहे. पण ती पहिल्या लॉगिनला सुरू होते आणि शेवटच्या लॉगआउटला संपते. ॲडमिनकडून त्या खात्यासाठी ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ करून घेतले की ती मशीनबरोबर उठते आणि लॉगआउटनंतरही राहते. रूटशिवाय पॉडमॅनचे कंटेनर चालवणाऱ्यांची ‘एसएसएच बंद केले की कंटेनर गायब’ ही तक्रार इथेच मिटते. आणखी एक जागा आहे, ती पोस्टग्रेस हा डेटाबेस चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. सिस्टमडीच्या, लॉगिन सांभाळणाऱ्या लॉगिनडीमध्ये रिमूव्हआयपीसी नावाचा पर्याय आहे. तो चालू असेल तर एखाद्या साध्या खात्याचे शेवटचे लॉगिन संपताच त्या खात्याची शेअर्ड मेमरी पुसली जाते. पोस्टग्रेस सिस्टम खात्याऐवजी साध्या खात्याने चालवले असेल, तर त्याच खात्याने कोणी आत येऊन बाहेर गेले की चालू डेटाबेसच्या पायाखालची जमीन जाते. पॅकेजमधून बसवलेल्या पोस्टग्रेसचे खाते सिस्टमचे असते, ते सुरक्षित आहे. हाताने बसवलेले असेल तर तपासा.

सर्व्हिस बरोबर बसली तरी मशीनच झोपले तर काय? छोट्या ऑफिसांत सर्व्हर म्हणजे बऱ्याचदा साधा डेस्कटॉपच असतो, आणि त्यावर मुळातच काही वेळाने झोपी जाण्याची सोय चालू असते. मशीन झोपले की सर्व्हिसही झोपते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘कधीच नाही’ निवडा. लिनक्सवर ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर ३.२८ पासून त्याचा मुळातला ठराव २० मिनिटांनी झोपण्याचा आहे, आणि तो लॉगिनच्या पडद्यालाही लागू होतो. काही डिस्ट्रिब्युशन तो बदलून देतात. म्हणजे कोणी लॉगिन असताना मशीन व्यवस्थित, आणि सगळे घरी गेल्यावर झोपलेले, असा प्रकार होऊ शकतो. सिस्टमसीटीएलने स्लीप आणि सस्पेंड ही दोन्ही टार्गेट ‘मास्क’ (म्हणजे पूर्ण बंद) करून टाका. डिस्क पासवर्डने बंद केली असेल, तर मशीन उठताना तो पासवर्ड मागून थांबेल, तेही पाहून घ्या.

आणि वीज. यूपीएस रात्रीत संपला आणि पहाटे वीज आली, तर मशीन स्वतः सुरू व्हायला हवे. बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करायचे याचे एक सेटिंग असते, बऱ्याच बोर्डांवर ‘एसी पॉवर लॉस’ या नावाखाली. ते ‘पॉवर ऑन’ करा. तालुक्याच्या ठिकाणी, जिथे वीज रोज जाते, तिथे मी सर्व्हिसला हात लावायच्या आधी हे सेटिंग बघतो.

सगळे झाल्यावर चाचणी अशी घ्या. काउंटर बंद झाल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करा आणि त्यावर लॉगिन करू नका. पाच-सात मिनिटांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बिलिंगचा पत्ता उघडा आणि एक खोटे बिल पूर्ण करा, प्रिंट आणि पीडीएफसकट. लॉगिनचा पान उघडला म्हणून थांबू नका, कारण झेड ड्राइव्ह आणि टोकन यांच्या भानगडी बिल काढतानाच समोर येतात. मग सर्व्हरवर लॉगिन करा, साइन आउट करा, आणि पुन्हा एक बिल काढा. त्यानंतर टास्क मॅनेजरमधून जावाची प्रोसेस मुद्दाम मारा आणि ती किती वेळात उठते ते घड्याळ लावून बघा. उबुंटूवर हेच करा. शेवटी दोन्ही मशीनची वीज खरोखर बंद करून परत द्या. त्याआधी बिलिंग आणि डेटाबेसच्या सर्व्हिस रीतसर थांबवा, म्हणजे डेटाला धोका राहणार नाही. वीज परतल्यावर त्या आपोआप उठल्या पाहिजेत.

या चाचण्या पार पडल्या, की स्टार्टअप फोल्डरमधली जुनी बॅच फाइल आणि तिचा डेस्कटॉपवरचा शॉर्टकट काढून टाका. नाहीतर सवयीने कोणीतरी ती चालवेल, त्याच पोर्टवर दुसरी प्रत उभी राहू पाहील आणि पोर्ट आधीच वापरात असल्याची एरर बघून ‘सर्व्हर बिघडला’ म्हणून फोन येईल. चौघांना माहीत असलेला ॲडमिनचा पासवर्डही त्याच दिवशी बदला. आता बिलिंग चालू करण्यासाठी तो कोणालाच लागणार नाही.